स्प्रिंगमध्ये दडलेला जोर

समुद्राकाठी राहणाऱ्याला लोखंडाची नाजूक बाजू लवकर कळते. आमच्या किहीमला दाराच्या बिजागऱ्या, सायकलच्या साखळ्या, विहिरीवरचे पंप, सगळ्यांना खारी हवा खाते. मग मोटारीच्या पोटाखालची स्प्रिंग त्यातून कशी सुटेल? २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईच्या गाड्याही बोटीत बसून आमच्या बाजूला येऊ लागल्या. त्यामुळे हा विषय आता केवळ गावकऱ्यांचा राहिलेला नाही.

स्प्रिंगचे काम साधे आहे. गाडीचा सांगाडा चाकांवर थेट टेकलेला नसतो, तो स्प्रिंगवर बसलेला असतो. खड्डा आला की चाक वर-खाली होते, स्प्रिंग दबते आणि पुन्हा उघडते. ती एकटीच असती तर गाडी बराच वेळ झुलत राहिली असती. ते झुलणे थांबवते शेजारची तेल भरलेली नळी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप झुलणे आवरतो. पुष्कळ लोक दोघांना एकच समजतात आणि स्प्रिंग तुटलेली असताना शॉकअप बदलून घरी येतात.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या जुन्या पद्मिनीत पुढची स्प्रिंग दोन लोखंडी हातांच्या मध्ये बसवलेली असे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये मात्र स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक गुंफलेले होते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. या जोडगोळीला ‘स्ट्रट’ म्हणतात. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे पुढचे चाक अशाच स्ट्रटवर उभे असते.

आता ती तुटते कशी ते पाहू. स्प्रिंगवर रंगाचा थर असतो. खडी उडून त्याचे टवके जातात. खालच्या वेढ्यापाशी ओली वाळू साचते, मीठ आत मुरते आणि पोलादाला बारीक खळगे पडतात. प्रत्येक गतिरोधकावर त्या खळग्यावर ताण येतो, चीर वाढत जाते आणि एके दिवशी खालचा वेढा तुटतो. तुटलेले टोक कधी टायरला घासते. भर वेगात टायर फाटला तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून खुणा ओळखाव्यात. सपाट जागेवर गाडी एका कोपऱ्याला बसलेली दिसते. स्टिअरिंग वळवताना ‘टंग’ असा आवाज येतो. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टीने मोजावे. फरक ठळक असेल, तर चाकाआड बॅटरी मारून पाहावे.

यापुढचा भाग मात्र नीट लक्षात ठेवावा. स्प्रिंग गाडीतून काढली तरी मोकळी होत नाही. स्ट्रटमध्ये ती दाबलेल्या स्थितीतच असते आणि तिला धरून ठेवतो तो वरचा, अगदी मधला एक नट. रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली नियम मांडला, की स्प्रिंग जितकी दाबावी तितक्याच प्रमाणात तिचा उलटा जोर वाढतो. समजा, एक सेंटीमीटर दाबायला वीस किलो वजन लागते. मग पंधरा सेंटीमीटर दाबलेली स्प्रिंग तीनशे किलोच्या जोराने उलट रेटत असते. ती एकदम सुटली, तर दीड किलोचा नारळ पन्नास फुटी माडावरून पडताना जेवढी शक्ती घेऊन येतो, तेवढी शक्ती क्षणात मोकळी होते. आमच्या वाड्यांत माडाखाली खाट टाकून कोणी झोपत नाही. नारळ निदान वरून तरी येतो. स्प्रिंग कुठल्या दिशेला जाईल याचा नेम नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाच्याने त्याच्या जुन्या मारुतीचा स्ट्रट आमच्याच अंगणात उतरवला. काम चोख केले. पण स्प्रिंग आवळण्याचा कंप्रेसर त्याच्याकडे नव्हता. “मामू, काथ्याच्या दोरीने करकचून बांधू आणि मधला नट खोलू,” तो म्हणाला. मी पाना त्याच्या हातातून काढून घेतला. अख्खा स्ट्रट रिक्षात घालून आम्ही चोंढीच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी अर्ध्या तासात स्प्रिंग बदलून दिली. काम करताना ते एकच वाक्य बोलले, “या नटासमोर मी माझं तोंड कधी धरत नाही.”

मला वाटते, घरी काम करू पाहणाऱ्याने हीच वाटणी करावी. स्ट्रट उतरवणे आणि चढवणे सवयीच्या हाताला जमते. स्प्रिंग खोलणे मिस्त्रींवर सोपवावे.

उतरवतानाही घाई नको. अंगण वाळूचे असेल तर जॅक रुततो, म्हणून सिमेंटची जागा शोधावी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. गाडी उचलल्यावर तिचा भार मजबूत लोखंडी स्टँडवर द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली हात घालू नये. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. खालच्या बोल्टांची जागा रंगाने खुणावून ठेवावी. ब्रेकची रबरी नळी स्ट्रटवरून सोडवून घ्यावी, तिच्यावर चाकाचा भार लोंबू देऊ नये. वर बॉनेटखाली कडेचे दोन-तीन नट असतात, तेवढेच खोलावेत. मधल्याला हात लावू नये.

गॅरेजात कंप्रेसरच्या दोन आकड्या समोरासमोर लावून, आळीपाळीने थोडे थोडे फिरवून स्प्रिंग आवळतात. ती बैठकीवरून मोकळी झाल्यावरच मधला नट सुटतो. नवीन स्प्रिंगचे टोक बैठकीच्या खाचेत नेमके बसले आहे ना, वरचा रबर आणि बेअरिंग ठीक आहेत ना, हे आपण उभे राहून पाहावे. स्प्रिंग त्याच मॉडेलची आणि त्याच इंजिनाच्या गाडीची हवी. दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात. एक नवी, एक थकलेली असली की गाडी एका अंगाला झुकते. स्प्रिंग कापून किंवा गॅसने तापवून गाडी खाली बसवण्याची हौस तर करूच नये, तापलेल्या पोलादाचा कस जातो.

स्ट्रट चढवल्यावर सगळे नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावेत आणि चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतात. थोडी गाडी फिरवून चाकाचे नट पुन्हा तपासावेत. आणि समुद्रावरून आल्यावर गाडीच्या पोटाखाली गोड्या पाण्याचा फवारा मारावा. गाडीचे छत आपण रोज पुसतो. मीठ साचते ते खाली, जिथे आपली नजर जात नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. गप्प बसलेल्या शब्दात किती जोर असतो, ते थोडेफार जाणतो. गप्प बसलेल्या लोखंडाचेही तसेच आहे. भाच्याची दोन्ही गाडीची चाके आज शाबूत आहेत आणि त्याचे दोन्ही हातही. दोन्हींसाठी लागले होते ते रिक्षाचे भाडे आणि अर्धा तास.