टिचकीचा हिशेब

वर्तमानपत्रांत जाहिरात देणाऱ्या व्यापाऱ्याजवळ तिच्यापासून झालेला लाभ मोजण्याचें साधन फार थोडें असे. अंक किती खपला हें त्याला कळे. परंतु आपली जाहिरात किती जणांनीं वाचली आणि ती वाचून दुकानाची पायरी किती जण चढले, हें सांगणारें कोणी नसे. अमेरिकेंतील क्लॉड हॉपकिन्स या जाहिरात-तज्ज्ञानें १९२३ सालीं ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हें पुस्तक लिहून कूपनाच्या युक्तीचा मोठा पुरस्कार केला. निरनिराळ्या जाहिरातींखालीं निरनिराळ्या खुणांचीं कूपनें छापावयाचीं आणि कोणत्या खुणेचीं किती परत आलीं तें मोजावयाचें, अशी ती युक्ति. इंटरनेटवर टिचकीगणिक पैसे मोजून जाहिरात देण्याची जी पद्धति आज रूढ आहे, ती या कूपनाचीच नात म्हटली पाहिजे. फरक इतकाच कीं, येथें कूपन कापून पाठविण्याचे श्रम गिऱ्हाइकाला पडत नाहींत. त्यानें जाहिरातीवर टिचकी मारली, म्हणजे क्लिक केलें, कीं नोंद आपोआप होते आणि व्यापाऱ्याच्या खात्यांतून पैसे वजा होतात.

या पद्धतीला व्यापारी रूप आलें तें १९९८ सालीं, बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ नांवाच्या शोधयंत्रामुळें. शोधणाऱ्यानें लिहिलेल्या शब्दाचा तेथें लिलाव होई आणि ज्याची बोली अधिक त्याचें नांव वर येई. ‘गूगल’नें २००२ सालीं टिचकीगणिक आकार घेण्यास आरंभ केला तेव्हां या लिलावांत एक नवी गोष्ट घातली. नुसती बोली न पाहतां, जाहिरातीवर टिचक्या किती पडतात हेंही पाहिलें जाऊं लागलें. एकाची बोली १० रुपयांची आहे, पण त्याची जाहिरात पाहणाऱ्या शंभरांपैकीं दोघेच टिचकी मारतात. दुसऱ्याची बोली ६ रुपयांचीच, परंतु शंभरांपैकीं पांच जण टिचकी मारतात. पहिल्याचा गुणाकार २० आणि दुसऱ्याचा ३०. म्हणून वरची जागा दुसऱ्याला. शिवाय खालच्याला मागें टाकण्यापुरतेंच मोल त्याला द्यावें लागतें, म्हणजे ४ रुपयांहून किंचित् अधिक. पुढें या गणितांत आणखी अनेक गोष्टी आल्या. शब्दाशीं जाहिरात कितपत जुळते आणि टिचकीनंतर उघडणारें पान कितपत उपयोगी आहे, यांचाही विचार होऊं लागला. तत्त्व मात्र तेंच राहिलें. नेमक्या माणसाला नेमकें बोलणाराची जाहिरात स्वस्त पडते.

आतां यशाची परीक्षा कशी करावयाची? समजा, देवगडच्या एका बागाईतदारानें हापूसच्या पेट्या घरपोंच देण्याची जाहिरात एका हंगामांत अशा रीतीनें दिली. प्रत्येक टिचकीला ८ रुपये पडले, १,५०० टिचक्या आल्या, १२,००० रुपये खर्च झाले आणि ३० पेट्या विकल्या गेल्या. हिशेबाच्या पडद्यावर टिचक्यांचा आंकडा ठळक दिसतो, आणि दीड हजार माणसें आपल्या दाराशीं येऊन गेलीं या विचारानें कोणाचेंही मन सुखावेल. परंतु पेटीमागें जाहिरातीचा खर्च ४०० रुपये झाला. फळ, पेटी, वाहतूक, नासक्या फळांची तूट हें सर्व जाऊन त्याला पेटीमागें ३५० रुपये उरत असतील, तर प्रत्येक पेटीबरोबर त्यानें पदरचे ५० रुपये गिऱ्हाइकाला दान केले! हा ३५० चा आंकडा जाहिरात देण्यापूर्वींच कागदावर असला पाहिजे. त्याच्या अभावीं टिचकी स्वस्त कीं महाग हें ठरवितांच येत नाहीं. दर पांच टिचक्यांस एक पेटी खपत असेल, तर ५० रुपयांची टिचकीही स्वस्तच म्हणावी लागेल.

तोट्याचें कारण शोधण्यासाठीं सरासरी मोडून आंत पाहावें लागतें. लोकांनीं प्रत्यक्षांत कोणते शब्द लिहिले आणि ते जाहिरातीपर्यंत आले, याची यादी खात्यांत मिळते. ती संपूर्ण नसते. क्वचित् लिहिल्या गेलेल्या शब्दांना तींत जागा नसते. तरी ती फार बोलकी असते, कारण यंत्र व्यापाऱ्यानें निवडलेल्या शब्दांवरच थांबत नाहीं. आपल्या समजुतीप्रमाणें जवळचे शब्दही ओढून आणतें. ‘देवगड हापूस पेटी दर’ असें लिहिणारा मनुष्य खरेदीला निघालेला असतो. ‘आंब्याच्या लोणच्याची कृति’ किंवा ‘हापूसचें कलम कसें बांधावें’ असें लिहिणाऱ्याला पेटी नको असते. तो सहज टिचकी मारतो आणि ८ रुपये खर्ची टाकून जातो. आपल्या बागाईतदाराच्या टिचक्यांपैकीं १,००० या दुसऱ्या जातीच्या असून त्यांतून चारच पेट्या खपल्या असतील, तर तेथें पेटीमागें २,००० रुपये पडले. उरलेल्या ५०० टिचक्यांतून २६ पेट्या गेल्या, तेथें सुमारें १५४. ‘कृति’, ‘कलम’ असे शब्द वर्ज्य म्हणून खात्यांत नोंदवितां येतात. ही नोंद अर्ध्या तासाचें काम आहे, आणि आश्चर्य असें कीं पुष्कळ खात्यांत तें वर्षानुवर्षें होत नाहीं.

टिचकीनंतर उघडणाऱ्या पानाचीही अशीच उपेक्षा होते. जाहिरातींत पेटीचा दर सांगावयाचा आणि पान उघडलें कीं बागेचा तीन पिढ्यांचा इतिहास पुढें करावयाचा, हें घाईंतल्या गिऱ्हाइकाला मानवत नाहीं. दर, फळांची संख्या, पोंचण्याचा दिवस या गोष्टी त्याच्या डोळ्यांपुढें प्रथम आल्या पाहिजेत. सुधारणा करतांना एका वेळीं एकच फेरफार करावा, नाहींतर श्रेय कशाचें हें कळत नाहीं. आणि एका आठवड्यांत पांचांच्या सात पेट्या झाल्या म्हणून निष्कर्ष काढूं नये. एवढा फरक निव्वळ योगायोगानेंही पडतो.

इथपर्यंतचा हिशेब कोणीही चतुर कारकून करील. खरी अडचण पुढेंच आहे. त्या २६ पेट्यांपैकीं १४ पेट्या, आपल्या बागाईतदाराच्या बागेचें नांवच लिहून शोधणाऱ्यांनीं घेतल्या होत्या असें धरूं. पडद्यावर हे शब्द सर्वांत यशस्वी दिसतात. परंतु ज्याला बागेचें नांव ठाऊक आहे तो जाहिरात नसती तरी खालच्या फुकटच्या दुव्यावरून आलाच असता! त्या १४ पेट्या वजा केल्या तर १२,००० रुपयांनीं नव्या पेट्या खपविल्या त्या १६, म्हणजे पेटीमागें ७५० रुपये.

ही शंका काल्पनिक नाहीं. ‘ईबे’ या अमेरिकन बाजारसंस्थेनें २०१२ सालीं तिची परीक्षा पाहिली. ‘याहू’ व ‘एमएसएन’ या शोधयंत्रांवरील स्वतःच्या नांवाच्या जाहिराती तिनें बंद केल्या, तेव्हां गेलेल्या टिचक्यांपैकीं ९९.५ टक्के फुकटच्या दुव्यावरून परत आल्या. मग इतर शब्दांच्या जाहिराती अमेरिकेच्या कांहीं विभागांत थांबवून बाकीच्यांत चालू ठेवल्या आणि दोहोंकडील विक्री ताडून पाहिली. टॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को व स्टीव्हन टाडेलिस यांचा या प्रयोगांवरील निबंध २०१५ सालीं ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकांत आला. नव्या किंवा क्वचित् येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जाहिरातींचा परिणाम झाला होता. परंतु खर्चाचा मोठा भाग नित्याच्या गिऱ्हाइकांवर होत होता, आणि त्यांची खरेदी जाहिरातीमुळें बदलली नव्हती. एकंदर व्यवहार तोट्याचा निघाला.

यावरून जाहिरात व्यर्थ असा अर्थ काढणें चुकीचें होईल. ‘ईबे’चें नांव जगजाहीर होतें; देवगडच्या बागेचें तसें नाहीं, आणि तिला नवीं गिऱ्हाइकेंच हवीं असतात. शिवाय तिच्या नांवावर प्रतिस्पर्ध्यानें बोली लावली असेल तर प्रश्नाचें स्वरूपच पालटतें. म्हणून दुसऱ्याच्या उत्तरावर विसंबण्यापेक्षां स्वतः प्रयोग करावा. जाहिरात विकणारा आणि तिच्या यशाची वही लिहिणारा पुष्कळदां एकच असतो, हेंही ध्यानांत असावें. एप्रिलच्या आरंभीं पुण्यांत नांवावरची जाहिरात बंद आणि नाशकांत चालू, दोन आठवड्यांनीं उलट, एवढें छोट्या व्यापाऱ्यालाही करतां येतें. मात्र तुलना करतांना पडद्यावरच्या नव्हे, तर त्या त्या शहरांत प्रत्यक्ष पोंचविलेल्या एकूण पेट्या मोजाव्या; टेलिफोनवरून मागविलेल्याही त्यांत धराव्या, आणि परत आलेल्या वगळाव्या.