बुरूड आळीचे खिळे, बोस्टनचे जहाज

"हा पत्रा नाही हो, हा वर्ख झाला." तांबट आळीतल्या काकांनी माझ्या हातातली फीत उजेडात धरली, फुंकर मारून हलवून पाहिली आणि परत केली. त्यांचा हात मठारकामाचा. बंबाच्या आणि घंगाळाच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके पाडण्यात आयुष्य गेलेले. त्यांच्यापुढे कागदाहून पातळ तांबे घेऊन जाणे हा खरे तर आगाऊपणाच होता. पण मला हवे ते त्यांनी सांगितलेच. "बोटं लावू नका, घामाचे डाग पडतात. आणि चिंच लावून चकचकीत करायला जाऊ नका. ठेवा तसंच. वर्षभरात आपला रंग आपण धरील."

तांबे हवे होते जहाजाच्या तळाला. कसबा पेठेपासून दोन किलोमीटरवर, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर एक अमेरिकन युद्धनौका चार वर्षे बांधली जात होती. उरलेल्या अर्ध्यावर घरचे जेवत. या वाटणीवर झालेल्या चर्चा इथे देत नाही.

जहाज म्हणजे 'कॉन्स्टिट्यूशन'. २१ ऑक्टोबर १७९७ रोजी बोस्टनला पाण्यात उतरलेले, नोंदीत ४४ तोफांचे आणि प्रत्यक्षात पन्नासहून अधिक तोफा वाहणारे हे फ्रिगेट आजही अमेरिकी नौदलाच्या सेवेत आहे आणि बोस्टनलाच तरंगते आहे. लाकडी जहाजांच्या किटमध्ये 'व्हिक्टरी'च्या बरोबरीने याचीच चलती. माझे किट १:७६ प्रमाणाचे. मूळ जहाज २०४ फूट, म्हणजे मॉडेलचा सांगाडा साधारण ८२ सेंटिमीटर. त्याच्या डेकवर सहा फुटी माणूस उभा केला तर तो २४ मिलिमीटरचा होईल आणि त्याचे डोके मसुरीच्या दाण्यापेक्षा लहान असेल.

पेटी उघडल्यावर प्रथम निराशा होते. झाकणावर शिडे फुगवलेले जहाज आणि आत लाकडाच्या पट्ट्यांच्या जुड्या, प्लायवुडचे साचे, ओतीव धातूच्या तोफा, पिवळ्या चमकदार दोऱ्याची रिळे आणि घडी उलगडली की परत न बसणारे आराखडे. आपल्या कोकणातले सुतार जहाजाच्या कण्याला पठाण म्हणतात, बरगड्यांना वांक आणि पुढच्या टोकाला नाळ. किटमध्ये पठाण एका प्लायवुडच्या तुकड्याचा असतो आणि वांकांच्या जागी ठरावीक अंतरावर आडवे साचे बसवायचे असतात. त्यावर फळ्यांचे दोन थर. आतला हलक्या लाकडाचा, चुका झाकायला. वरचा अक्रोडाचा, बघणाऱ्यांसाठी.

सोपे वाटते ना? पण फळी सरळ असते आणि जहाजात सरळ असे काहीच नसते. मधल्या भागात पोट मोठे, म्हणून तिथे फळ्यांना पूर्ण रुंदी लागते. नाळेशी तेच अंतर निम्म्यावर येते, म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती तासावी लागते. न तासता रेटली तर ती कडेवर उभी राहते आणि पुढच्या दहा फळ्यांना तोच रोग लागतो. साच्यांच्या कडाही आधी कानशीने तिरप्या कराव्या लागतात, फळी टेकली की पूर्ण रुंदीने टेकावी अशा. गरम पाण्यात भिजवायची, वाकवायची, फेविकॉल लावून कपड्यांच्या चिमट्यांनी धरायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. शेवटची अट सर्वांत अवघड.

त्यात पुण्याची हवा. पहिल्या वर्षी मी उत्साहाने जुलैत फळ्या बसवल्या. लाकडाने पावसाळी दमट हवा पोटभर पिऊन घेतलेली होती. एप्रिलच्या कोरड्या उन्हात ते आकसले आणि उजव्या कुशीवर नखाची कड शिरेल एवढ्या सहा फटी पडल्या. दोष किटचा नव्हता, माझा होता. वरचा थर मी दिवाळीनंतर लावला, पट्ट्या महिनाभर उघड्या हवेत ठेवून. पावसाळ्यात आता फक्त दोर वळतो.

किटमध्ये दिलेले न वापरणे, इथून खरी गंमत सुरू होते. सूचनांबरहुकूम बांधले तर झाकणावरच्यासारखे जहाज होते, तेवढेच. सुधारायचे म्हटले की मूळ जहाज कसे होते हे विचारावे लागते, आणि ते कळल्यावर पेटीतली अर्धी सामग्री बाद होते. माझी पहिली सुधारणा अर्थात सागवान. मुंबई-कोकणची जहाजे सागवानाची, मग आपणही तेच वापरू, असा बाळबोध अभिमान. टिंबर मार्केटमधून तुकडा आणला, पातळ पट्ट्या काढल्या आणि चूक कळली. खऱ्या जहाजाला सागासारखे लाकूड नाही, पण या मापात त्याचे एकेक छिद्र चरासारखे दिसते. जुन्या वखारवाल्याने हळदू सुचवला. ज्याच्या फण्या-कंगवे करत ते पिवळसर, अगदी बारीक रेषेचे लाकूड. परदेशी हौशी लोक त्यासाठी बॉक्सवुडवर पैसे ओततात. माझे डेक, तोफांचे गाडे आणि कप्प्या हळदूच्या आहेत.

मग लाकडी खिळे. खऱ्या जहाजाच्या फळ्या लोखंडापेक्षा लाकडी खुंट्यांनीच जास्त धरलेल्या असत. दीड इंच जाडीची खुंटी १:७६ मध्ये अर्ध्या मिलिमीटरची होते. त्यासाठी बांबूसारखे दुसरे काही नाही, कारण त्याचे धागे सरळ सुटतात. बुरूड आळीतून सुपाच्या कामातल्या उरलेल्या काड्या आणल्या. सोनार तार ओढायला वापरतात ती भोकांची पट्टी, जंतर, मिळवली आणि एकेक काडी मोठ्या भोकातून लहान भोकात ओढत गेलो. दोरासाठी बोहरी आळी. किटमधला दोरा लांबूनही नायलॉन वाटत होता. सुती दोऱ्याचे तीन पदर उलट पीळ देऊन वळले आणि मेणातून ओढले की खरा दोर होतो. डोलकाठ्यांना धरून ठेवणारे दोर डांबराच्या रंगाचे, शिडे हलवणारे फिकट. खलाशी चढतात त्या दोरशिड्यांच्या पायऱ्या मुळात पंधरा इंचांवर, इथे पाच मिलिमीटरवर. प्रत्येक पायरीच्या प्रत्येक छेदावर स्काउटमध्ये शिकवतात ती खुंटगाठ. हजारानंतर मी मोजणे सोडले.

म्हणजे बघा, ज्या गावाला समुद्र नाही त्या गावाच्या पेठांत अख्खी गोदी विखुरलेली आहे. कोथरूडला भाऊ जोशींनी लघुरेल्वेचे संग्रहालय उभे केले, त्यामुळे लहान मापातले वेड पुण्याला परके नाही. पण आगगाडी आपल्या दारावरून जाते. जहाजाचा संबंध काय, असे घरात रोज विचारले जाई. उत्तर मला सुकाणूच्या चाकाने दिले.

सुधारणाऱ्याला एक वर्ष निवडावे लागते. कारण १८१२ चे 'कॉन्स्टिट्यूशन' आणि १९२७ ते १९३१ च्या मोठ्या दुरुस्तीतून निघालेले 'कॉन्स्टिट्यूशन' एक नव्हे. मी डिसेंबर १८१२ चा शेवट निवडला. २९ तारखेला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याने 'जावा' या ब्रिटिश फ्रिगेटचा पराभव केला. लढाईत स्वतःचे चाक उडाले, म्हणून अमेरिकनांनी जावाचे चाक काढून आपल्या जहाजावर बसवले आणि निकामी झालेले जावा जाळून टाकले. आणि हे जावा कुठे निघाले होते? मुंबईला. त्यावर मुंबईचे नवे सरसेनापती हिस्लॉप होते. मुंबई गोदीत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे होते आणि जमशेटजी बमनजी वाडियांनी ज्यांवरून फ्रिगेट बांधायचे ते आराखडेही होते.

ते आराखडे पुन्हा पाठवावे लागले. फ्रिगेट झाले, मलबारी सागवानाचे. पारशी रिवाजाने त्याच्या पठाणात चांदीचा खिळा ठोकला होता. नाव 'ट्रिंकोमाली'. आजही ते इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. मुंबईत ते पाण्यात उतरले १२ ऑक्टोबर १८१७ ला. पुणेकराला त्या वर्षाची आणखी एक तारीख पाठ असते. चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली.

या मॉडेलवर मी किटचे ओतीव चाक काढून हळदूचे बसवले. ते जावाचे आहे, असे पाहुण्यांना सांगतो. तळाचे तांबेही तसेच. खरा पत्रा चार फूट बाय चौदा इंच, इथे सोळा मिलिमीटर बाय पाचाला जरा कमी. लाकूड पोखरणारा समुद्रकिडा आणि शिंपले दूर ठेवायला तो ठोकत. दोन हजारांच्या घरात तुकडे, रोज पंचवीस-तीस. काकांचे ऐकले, चिंच लावली नाही. आता तळ जुन्या बंबासारखा तपकिरी झाला आहे.

पण पुण्याचा जहाजांशी याहून जवळचा संबंध आहे आणि तो सुखाचा नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या 'रिस्टोरेशन' जहाजावर तोफगोळा पडला, आग तिथून बाकीच्या नौकांत पसरली. इंग्रजांशी करार करून त्यांना तिथवर आणणारा शनिवारवाडाच होता. तुळाजी पुढे पेशव्यांच्या कैदेतच वारला. विजयदुर्गावर धुळपांनी पुढे आरमार राखले, हे खरे. पण नानासाहेब पेशव्यांच्या या एका निर्णयाबद्दल मी आजवर एकही समाधानकारक सबब वाचलेली नाही.

त्या आगीत गेलेले गुराब हे माझे पुढचे मॉडेल. त्याची पेटी बाजारात मिळत नाही आणि हवीही नाही. इंग्रज इतिहासकार ऑर्मने गुराबाचे वर्णन करून ठेवले आहे: दीडशे ते तीनशे टनांचे, उथळ आणि रुंद, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे. नाळ लांबच लांब पुढे काढलेली आणि तिच्या डेकला कठडे नसलेले, म्हणजे वर चढलेली लाट अडून न राहता वाहून जाई. त्या नाळेमागच्या आडव्या भिंतीतून नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा सरळ पुढे डागत. सोबतीला गलबते, वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांनी गुराबाला ओढत नेणारी. तोंड शत्रूकडे करून लढणारे हे जहाज आहे. कुशीत तोफांच्या रांगा लावणाऱ्या युरोपी फ्रिगेटपेक्षा त्याची बुद्धीच वेगळी.

इथे दुहेरी थराचा किटी कावा चालणार नाही. पश्चिम किनाऱ्यावरचे कसबी सुतार फळीच्या कडेला खाच काढून दुसरी फळी तीत बसवत आणि मध्ये राळेत भिजवलेला कापूस भरत. आराखडा कागदावर काढायची त्यांना गरज नव्हती. मापे हातात आणि डोळ्यांत असत, बापाकडून मुलाकडे जात. म्हणून एक विनंती. देवगड, मालवण, रत्नागिरी, अलिबागकडच्या ज्या घरांत मचवे, पडाव किंवा फत्तेमाऱ्या बांधल्या जात होत्या, तिथे आजोबांची मापांची एखादी वही, खुणा केलेली काठी किंवा वांकाचा लाकडी साचा माळ्यावर पडला असेल. घर पाडण्याआधी तो खाली काढा आणि शेजारी फूटपट्टी ठेवून त्याचा फोटो घ्या.