ईथरचा वारा

सापेक्षतावादावर शंका घेणें म्हणजे अडाणीपणा, असें पुष्कळ सुशिक्षित मानतात. आम्हांस तें पटत नाहीं. पृथ्वी सूर्याभोंवतीं सेकंदास सुमारें ३० किलोमीटर वेगानें फिरते. प्रकाशलहरी वाहणारें ईथर विश्वांत भरलेलें असेल, तर त्याचा वारा आपणांस लागावयास हवा. १८८७ सालीं मायकेलसन व मोर्ले यांस तो आढळला नाहीं. फिट्झजेराल्ड व लोरेन्ट्झ यांनीं ईथर राखून, गतीमुळें वस्तु आंखडतात असा तोडगा काढला. आइन्स्टाइन यांनीं १९०५ मध्यें ईथरच अनावश्यक ठरविलें.

डेटन मिलर मात्र स्वस्थ बसले नाहींत. मौंट विल्सनवर १९२५-२६ मध्यें हजारों निरीक्षणें घेऊन त्यांनीं सुमारें १० किलोमीटर वेगाचा वारा जाहीर केला. तो खरा ठरता, तर सापेक्षतावादाचा पायाच ढांसळता! पुढें १९५५ सालीं त्यांचेच शिष्य शँकलंड व सहकारी यांनीं गुरूंच्या नोंदी पुन्हां तपासल्या. उष्णतामानाच्या सूक्ष्म फरकांनीं तो भास उत्पन्न केला होता, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

मग मिलर यांचे श्रम फुकट गेले काय? मुळींच नाहीं, कसोटीला उतरल्यानें सिद्धान्त अधिक बळकट झाला. म्हणून घरांतील मुलानें "कशावरून?" असें विचारल्यास वाचकांनीं त्यास गप्प करूं नये, मात्र "तें मोजावयाचें कसें?" हा पुढचा प्रश्नही त्यास अवश्य शिकवावा.