फाळाविना पडणाऱ्या सऱ्या

‘मेंदूला वळ्या जास्त, म्हणजे बुद्धी जास्त, हे खरं का?’ हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. दोन वळ्यांमध्ये सरी असते, तेव्हा उत्तर द्यायचं तर आधी सरी पडते कशी, ते पाहायला हवं.

शेतात ती बाहेरून पाडावी लागते. फाळ माती फोडतो, दोन्ही अंगांना लोटतो, वरंबे उठतात. प्राण्यांच्या पेशीला मात्र बाहेरचा फाळ नाही. विभाजनाच्या वेळी तिच्या मधोमध खाच पडते, खोल जाते आणि एकीच्या दोन होतात. खाचेत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं कडं असतं. स्नायू आखडतात तेही यांच्याच जोरावर. चंचीची नाडी ओढावी तसं हे कडं आवळत जातं.

पण नाडी नेमकी कुठे ओवायची, हे कोण ठरवतं? गुणसूत्रं? १९६१ साली रे रॅपपोर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञानं ‘सँड डॉलर’ या सागरी प्राण्याच्या अंड्यात मधोमध काचेचा बारीक मणी दाबला. खाच एकाच बाजूनं पडली आणि पेशी झाली नालाच्या आकाराची. प्रत्येक पायात एक केंद्रक. पुढच्या फेरीत दोन खाचा अपेक्षित होत्या, पडल्या तीन! तिसरी दोन पायांच्या मधल्या बाकात, जिथे गुणसूत्रं नव्हतीच. तिथे समोरासमोर आल्या होत्या फक्त सूक्ष्मनलिकांच्या ताऱ्यासारख्या दोन जुड्या. खाचेला तेवढं पुरेसं होतं. एका मण्यानं एवढा मोठा प्रश्न सोडवणारा हा माणूस पेशीशास्त्राबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही, याची मला कायम चुटपुट लागते.

मेंदूत तर ओढणारी नाडीही लागत नाही. बाहेरचा थर आतल्या भागापेक्षा जास्त पसरतो आणि जागा न पुरल्यानं दुमडतो. २०१६ साली शास्त्रज्ञ एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी गर्भाच्या मेंदूचा जेलचा नमुना करून त्याचा वरचा थर फुगवला. वळ्या खऱ्या मेंदूसारख्या उमटल्या. त्यात ना पेशी होत्या, ना बुद्धी.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. डॉल्फिनच्या मेंदूला आपल्यापेक्षा जास्त वळ्या असतात. आईन्स्टाईनच्या बरणीत जपलेल्या मेंदूतल्या खाचांवर लेख लिहिले गेले, पण तिथे नमुना एकच आणि त्यात बदल करून पाहण्याची सोय नाही. रॅपपोर्टनं मणी दाबून परिस्थितीच बदलली, म्हणून त्याला कारण सापडलं. बरणीतल्या मेंदूत नुसतं वेगळेपण दिसतं. ते बुद्धीचं कारण आहे की नाही, हे बरणी सांगत नाही.