हिरवं म्हणजे जिवंत का?

गोंदिया तलावांचा जिल्हा. मग इथे वाळवंटीकरणाची चर्चा कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण वाळवंटीकरण म्हणजे वाळू पसरणं नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या करारात तो शब्द कोरड्या, निमकोरड्या नि कोरड्या-उपआर्द्र मुलखातल्या जमिनीच्या ऱ्हासासाठी आहे. आपला धानपट्टा त्यात बसत नाही. पण ऱ्हास मोजायची रीत तीच. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने २०१८-१९ची उपग्रहचित्रं पाहून देशात ९.७८ कोटी हेक्टर, म्हणजे जवळपास ३० टक्के जमीन ऱ्हासाखाली दाखवली.

हे कळतं कसं? निरोगी पान लाल प्रकाश शोषतं, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. उपग्रह दोन्ही मोजतो. फरक मोठा, तितकी हिरवळ दाट. मग जीआयएसमध्ये त्यावर उतार, माती, पाऊस यांचे थर चढवतात. ऑक्टोबरात हिरवीगार असलेली बांधी एप्रिलात उघडी पडते, म्हणून तुलना वेगवेगळ्या वर्षांच्या त्याच महिन्याची करायची. एवढं तरी पाळा!

आता आमच्याकडचा मामा तलाव घ्या, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गाळ साचला, बेशरम माजली. उपग्रहाला तीही हिरवीच. आकडा म्हणतो, हिरवळ वाढली. काठावरच्या ढिवराला विचारा, तो म्हणेल, जाळं टाकायला जागा नाही. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून विचारतो: ‘ऱ्हास’ हा शब्द कॅमेऱ्यातून आला की आपल्याकडून? हिरवळ मोजता येते. कुणाचं काय गेलं, हे तलावावर जाऊनच नोंदवावं लागतं.