पडदा काळा झाला म्हणजे नोंद गेली असे नव्हे



ऊसनोंद, तोडीची पाळी, वजन, बिल, सारे आता कॉम्प्युटरवर असते. लोहाऱ्याकडे उन्हाळ्यात धूळ उडते, मधूनच वीज जाते, अन् ऐन वेळी पडदा काळा पडला की नोंद गेली म्हणून जीव घाबरा होतो. पण जतन केलेली नोंद पडद्यात नसते. ती डब्यातल्या डिस्कवर असते. म्हणून डबा तडकाफडकी बंद करू नये. जतन न झालेले काम त्यानेच जाते.

प्रथम मॉनिटरचा दिवा पाहावा. दिवा नसेल तर प्लग तपासा. 'नो सिग्नल' दिसले तर केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. जुन्या १५ पिनांच्या केबलचे स्क्रू आवळा. तरीही काळेच असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी ही चार बटणे एकदम दाबा. विंडोज १० व ११ मध्ये चित्राची यंत्रणा याने नव्याने सुरू होते.

आवाज नसेल तर स्पीकरची पिन हिरव्या भोकात आहे ना, ते बघा. गुलाबी भोक माइकचे. एचडीएमआय केबल लावली की आवाज कधी मॉनिटरकडे वळतो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. घड्याळाशेजारच्या कर्ण्याच्या चित्रावरून योग्य स्पीकर निवडा.

वजनकाट्यावर पडदा गेला तरी बहुतेक काट्यांचा इंडिकेटर वेगळा असतो. त्यावरचा आकडा स्वतः वाचा, टिपून ठेवा आणि पावती घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.