नंबर कितवा?

मुलांनो, नळावर पाण्यासाठी कधी नंबर लावलाय का? लातूरच्या घरांना हे विचारायलाच नको! २०१६ च्या उन्हाळ्यात तिथं पाणी इतकं आटलं, की मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली. दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी! त्याआधी मार्चमध्ये, पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून, पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदीचा हुकूम निघाला होता. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना आठवत असेल.

पाणी थोडं, घागरी फार. अशा वेळी भांडण टळतं कशाने? घागरी ओळीने मांडल्या, म्हणजे आपला नंबर कितवा ते ज्याला त्याला दिसतं. आणि आपली घागर भरली की लगेच उचलायची, म्हणजे मागच्याची सोय होते.

अगदी अशीच रांग संगणकापुढेही लागते, बरं का!

काही गणितं एवढी मोठी असतात, की ती एका संगणकाला झेपत नाहीत. मग पुष्कळ संगणक एकमेकांना जोडून त्यांच्याकडून मिळून काम करून घेतात. संगणकांच्या अशा जुडग्याला ‘क्लस्टर’ म्हणतात. पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला, तोही पुष्कळ प्रोसेसर एकत्र जुंपूनच. पुढे २०१९ मध्ये पुण्यातल्याच ‘आयसर’ संस्थेत ‘परम ब्रह्म’ आला. असं यंत्र एकट्याच्या मालकीचं नसतं. कोणाला रेणूंची हालचाल मोजायची असते, कोणाला पावसाचं गणित मांडायचं असतं. ज्याचं त्याचं काम म्हणजे एक ‘जॉब’. यंत्र एक, जॉब अनेक. मग लावा नंबर!

समजा, नांदेडची एक ताई पुण्यात पावसावर संशोधन करते आहे. दिवाळीला ती घरी आली, पण तिचा जॉब पुण्याच्या क्लस्टरवरच आहे. रात्री जेवणं झाल्यावर ती लॅपटॉप उघडते. काळा पडदा आणि नुसती अक्षरं! चित्रं नाहीत, माउसही नाही. ही ‘कमांड लाइन’. इथं संगणकाला बोटाने दाखवायचं नाही, लेखी हुकूम द्यायचा. नुसती अक्षरंच ये-जा करतात, त्यामुळे इंटरनेट साधंसुधं असलं तरी भागतं.

रांग सांभाळायला क्लस्टरवर एक प्रोग्राम असतो. ‘परम’च्या नव्या यंत्रांवर तो ‘स्लर्म’ नावाचा आहे. ताई टाइप करते, ‘एसक्यू’. क्यू म्हणजे रांग. लगेच यादी हजर! कोणाचा जॉब, किती संगणक अडवलेत, किती वेळ झाला, सगळं त्यात असतं. ‘आर’ म्हणजे जॉब चालू आहे. ‘पीडी’ म्हणजे अजून रांगेत आहे. का थांबलाय, तेही पुढे लिहिलेलं असतं. ‘प्रायॉरिटी’ म्हणजे तुझ्या पुढे आणखी जॉब आहेत. ‘रिसोर्सेस’ म्हणजे तुझी पाळी आली, पण हवे तेवढे संगणक अजून मोकळे नाहीत.

आता यातली गंमत बघा. किती संगणक हवेत आणि किती तास हवेत, हे आधीच लिहून द्यावं लागतं. उगाच जास्त मागितलं, तर जास्त थांबावं लागतं. फार कमी सांगितलं, तर वेळ संपताच स्लर्म जॉब बंद करून टाकतो! पण जो बरोबर अंदाज करून थोडंच मागतो, त्याचा छोटा जॉब कधी कधी मोठ्या जॉबच्या आधीच मधल्या फटीत उरकून जातो.

ताईच्या जॉबपुढे ‘आर’ आहे. म्हणजे सगळं ठीक? छे! यंत्र चालू आहे म्हणजे गणित बरोबर आहे, असं थोडंच असतं! म्हणून ती ‘टेल’ हा हुकूम देते. टेल म्हणजे शेपूट. निकालाच्या फायलीच्या शेवटच्या ओळी पडद्यावर येतात. अरे बापरे! तापमान उणे दोन हजार अंश! उणे २७३ च्या खाली तर जगात काहीच जात नाही. कुठंतरी चूक झालीय, पण यंत्राला त्याचा पत्ताच नाही. ते इमानाने चुकीचंच गणित करत बसलंय.

दोन दिवस रांगेत थांबून तिचा नंबर लागला होता. आता काय करावं? जॉब तसाच चालू ठेवला, तर कोणी रागवणार नाही. पण मागे थांबलेल्यांचं काय? ताई ‘एसकॅन्सल’ लिहून जॉबचा क्रमांक देते. संगणक मोकळे होतात आणि दुसऱ्या कोणाच्या ‘पीडी’चा ‘आर’ होतो. ताई मात्र चूक शोधून पुन्हा रांगेत शेवटी उभी!

या सगळ्याचा आपल्या शिवाराशी काय संबंध? आहे ना! पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या हवामान संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्का’ हा महासंगणक सुरू झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं! मे २०२५ पासून देशाच्या हवामानाचा अंदाज सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून काढला जाऊ लागला. आधी हे चौकोन बारा किलोमीटरचे होते. म्हणजे आधीच्या एका चौकोनात आता चार मावतात. हे काम वेळेवर झालंच पाहिजे. पेरणी झाल्यावर पेरणीआधीचा अंदाज मिळून काय उपयोग?

घरी एक खेळ खेळून बघा. चार पाट मांडा, हे झाले चार संगणक. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर किती पाट आणि किती मिनिटं हवीत ते लिहायचं. एकाने स्लर्म व्हायचं. चिठ्ठ्या सगळ्यांना दिसतील अशा भिंतीवर चिकटवा. काम झालं की पाट लगेच सोडायचा. मग चिठ्ठ्या झाकून ठेवा आणि तोच खेळ पुन्हा खेळा.

भांडण कोणत्या डावात जास्त झालं, ते आईबाबांना सांगा!